चाळिशीत जनावरांचे डॉक्टर होता येईल काय?



उसाच्या जोडीला दावणीला एकही जनावर नाही, असे घर आपल्याकडे शोधूनच काढावे लागेल. उसाचे पैसे वर्षा-दीड वर्षाने हाती येतात. मधल्या काळातला किराणा, शाळेची फी आणि दवाखाना दुधाच्या पगारावर चालतो. म्हणून गाय आडवी झाली की घरातल्या माणसांचा घास अडतो. डॉक्टर दुसऱ्या गावाला गेलेले असतात, रात्र झालेली असते आणि आपण कंदील नाहीतर बॅटरी धरून नुसते बघत बसतो.

अशा वेळी अनेकांच्या मनात एक विचार येऊन जातो. आपणच ही विद्या शिकलो असतो तर? कोणी शाळेत मास्तर असतो, कोणी पतसंस्थेत कारकून, कोणी फौजेतून पेन्शन घेऊन आलेला, कोणी पुण्या-मुंबईची नोकरी सोडून शेतीवर परतलेला. बहुतेकांच्या मनातून हा विचार सकाळपर्यंत जातो. काहींच्या मात्र मनातून तो वर्षानुवर्षे जात नाही. पस्तिशी-चाळिशी आली, अंगावरची पहिली ओझी थोडी हलकी झाली, की तो पुन्हा डोके वर काढतो. हा लेख त्यांच्यासाठी आहे. त्यांना वेड्यात काढण्यासाठीही नाही आणि हरभऱ्याच्या झाडावर चढवण्यासाठीही नाही. कायदा काय सांगतो, वर्षे किती लागतात, पदरचे काय जाते आणि दुसरी वाट कोणती, याचा नीट हिशेब मांडावा एवढाच हेतू.

पहिली शाळा काढणारा पन्नाशीचा होता

जगातली पहिली पशुवैद्यकाची शाळा फ्रान्स देशातल्या लियाँ शहरात निघाली. राजाच्या दरबारातून तिला १७६१ साली मंजुरी मिळाली आणि १७६२ साली तिचे दरवाजे उघडले. ती काढणाऱ्याचे नाव क्लोद बूर्जला. जन्म १७१२ चा. म्हणजे मंजुरी आली तेव्हा गडी एकोणपन्नास वर्षांचा होता.

हा माणूस मूळचा जनावरांचा वैद्य नव्हे. तो घोडेस्वारी शिकवणाऱ्या संस्थेचा प्रमुख होता. घोड्यावर बसायचे कसे, चालवायचे कसे, हे श्रीमंतांच्या मुलांना शिकवणे हा त्याचा धंदा. पण घोडा लंगडतो का आणि मरतो का, हे त्याला कोणी सांगू शकत नव्हते. त्या काळी तिकडे जनावरांवर औषधपाणी करीत ते नालबंद. आपल्याकडे शालिहोत्री होते, तसलाच प्रकार. हाताला अनुभव होता, पण कातडीच्या आत काय चालले आहे याचे ज्ञान नव्हते. बूर्जलाने शहरातल्या शस्त्रवैद्यांची मदत घेऊन मेलेली जनावरे फाडून पाहिली. हाड कुठे आहे, शीर कुठून जाते, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून शिकला आणि घोड्यांच्या वैद्यकावर ग्रंथ लिहिले.

पण राजाने पैसा दिला तो घोड्यांकडे बघून नव्हे, गाईबैलांकडे बघून दिला. त्या शतकात युरोपभर बुळकांडीने गोठेच्या गोठे रिकामे केले होते. आपल्या जुन्या माणसांना हे नाव ऐकूनच अंगावर काटा येईल. डोळ्या-नाकातून पाणी, तोंडात फोड, पातळ हागवण आणि आठवड्या-दीड आठवड्यात दावण मोकळी. नांगर ओढायला बैल उरला नाही की शेत पडीक आणि शेत पडीक की सारा बुडाला, हे राजाच्या खजिनदारालाही कळत होते. म्हणून शाळा निघाली.

बुळकांडीचा आपल्याशीही जवळचा संबंध आहे. भारतात जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा १८८९ साली पुण्यात सुरू झाली आणि १८९३ साली ती हिमालयात मुक्तेश्वरला नेण्यात आली. साथीचे जंतू हाताळायचे तर वस्तीपासून दूर जागा हवी होती. स्वातंत्र्यानंतर १९५४ पासून देशभर बुळकांडी निर्मूलनाचा कार्यक्रम चालला. गावोगाव लस टोचली गेली. २००६ साली भारत या रोगातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले आणि २०११ साली सगळ्या जगातून बुळकांडी नाहीशी झाल्याची घोषणा झाली. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून पुसून टाकलेला हा दुसराच रोग. घोडेस्वारीच्या मास्तराने पन्नाशीत लावलेल्या रोपाला अडीचशे वर्षांनी असे फळ आले.

चौपन्नाव्या वर्षी मिळालेला दाखला

दुसरी गोष्ट एका बाईची. भगिनींनी ती मुद्दाम वाचावी, कारण गोठ्यातले शेण, वैरण आणि धार हे निम्म्याहून जास्त काम त्याच करतात.

एलीन कस्ट ही १८६८ साली आयर्लंडमध्ये जन्मली. आधी ती लंडनच्या इस्पितळात परिचारिकेचे शिक्षण घेत होती. ते सोडून तिने एडिंबरोला पशुवैद्यकाच्या कॉलेजात नाव घातले. अभ्यासात कुठे कमी नव्हती, पण १८९७ साली ब्रिटनच्या पशुवैद्यक संस्थेने तिला परीक्षेला बसू दिले नाही. कारण एकच, ती बाई होती. तिने १९०० साली शिक्षण पुरे केले आणि आयर्लंडच्या खेड्यांत एका डॉक्टरांच्या हाताखाली काम धरले. चिखलातून घोड्यावरून फिरून तिने शेतकऱ्यांची गुरे बरी केली. शेतकरी तिला बोलावीत, पण कागदावर ती डॉक्टर नव्हती. १९१९ साली इंग्लंडात बायकांना धंद्यातून वगळण्याविरुद्ध कायदा झाला. त्यानंतर १९२२ च्या डिसेंबरात तिला रीतसर दाखला मिळाला. त्या वेळी तिचे वय चौपन्न होते. ब्रिटन आणि आयर्लंडमधली ती पहिली नोंदणीकृत स्त्री पशुवैद्य.

या दोन गोष्टींतून दोन बोध निघतात. वयामुळे शिकणे थांबत नाही, हा पहिला. आणि हातात कितीही गुण असला तरी धंदा करायचा तर दाखला लागतोच, हा दुसरा. कस्टबाईंनी वीस-बावीस वर्षे काम केले, तरी दाखल्याचा आग्रह सोडला नाही.

ही वाट उलटीही चालते बरे का. आपल्याकडे ऊस वाहणाऱ्या रबरी चाकांच्या बैलगाडीला लोक अजून 'डनलॉप गाडी' म्हणतात. हे नाव ज्याच्यावरून पडले तो जॉन बॉईड डनलॉप हा जनावरांचाच डॉक्टर. बेलफास्ट शहरात त्याचा दवाखाना होता. मुलाच्या तीनचाकी सायकलला त्याने हवेचे टायर बसवून पाहिले आणि १८८८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्याचे पेटंट घेतले. जनावरांचे डॉक्टर सोडून तो टायरवाला झाला आणि त्यानेच आपल्या बैलांच्या खांद्यावरचा भार हलका केला.

अनुभव म्हणजे विद्या नव्हे

आता कोणी म्हणेल, आमचे सारे आयुष्य गोठ्यात गेले. जनावराच्या डोळ्याकडे बघून आम्ही दुखणे ओळखतो. मग पुस्तके कशाला पाहिजेत?

अनुभवाचे मोल मोठे आहे. जनावर वैरण का टाकते, रवंथ कधीपासून बंद आहे, माजावर आहे की नाही, हे मालकाइतके डॉक्टरलाही कळत नाही. पण अनुभव जिथे संपतो तिथे धोका सुरू होतो. दोन उदाहरणे देतो.

दुग्धज्वर घ्या. भरपूर दूध देणारी गाय व्यायल्यावर एक-दोन दिवसांत बसते ती उठत नाही. मान कुशीकडे वळवते, कान गार पडतात. नावात 'ज्वर' आहे, पण ताप नसतोच. उलट अंग थंड असते. रक्तातला चुना, म्हणजे कॅल्शियम, एकदम दुधात उतरल्यामुळे हे होते. ज्याला हे माहीत नाही तो नाव ऐकून तापाची सुई देतो. ज्याला अर्धवट माहीत आहे तो कॅल्शियमची बाटली शिरेतून भराभर सोडतो आणि गाय त्याच्या डोळ्यांदेखत मरते. कारण कॅल्शियम वेगाने गेले तर हृदय बंद पडते. तेच औषध, तीच बाटली, पण हळू सोडून आणि हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून दिले, तर मेल्यासारखी पडलेली गाय तासाभरात उठून उभी राहते.

दुसरे उदाहरण सात-आठ महिन्यांच्या गाभण गाईचे. तिला ताप येतो, गावातला कोणी सुई मारतो, ताप झटकन उतरतो. मालक खूश. दोन-तीन दिवसांनी गाय गाभडते. त्या सुईत स्टेरॉईड होते. ते ताप आणि सूज उतरवते, पण गाभणपणाच्या शेवटच्या काळात वासरू पाडते. मालक नशिबाला दोष देतो. त्यात नशिबाचा काही संबंध नसतो.

उसाच्या भागातली आणखी एक गोष्ट याच विद्येतली. तोडीच्या दिवसांत आपण जनावरांना वाढ्यांवर ठेवतो. वाढ्यांत ऑक्झॅलिक आम्ल असते. ते जनावराच्या पोटातल्या चुन्याला धरून बसते आणि तो अंगी लागू देत नाही. महिनोन् महिने नुसती वाढी खाल्लेली गाय व्यायली की दुग्धज्वराला आयतीच सापडते. म्हणून नुसत्या वाढ्यांवर भर न देता बरोबर कडबा, हिरवी द्विदल वैरण आणि खनिज मिश्रण द्यावे. वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडून मग ती द्यावीत, असे सांगतात ते यासाठी. पण हे कारण कळायला आधी रसायनशास्त्र, शरीरशास्त्र आणि पशुआहारशास्त्र शिकावे लागते.

कायदा काय म्हणतो

आपल्या देशात भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ साली झाला. त्याचा गाभा असा, की मान्य पदवी घेऊन ज्याने पशुवैद्यक परिषदेच्या नोंदवहीत नाव घातले आहे, त्यालाच जनावरांवर उपचाराचा व्यवसाय करता येतो. कायद्याच्या तिसाव्या कलमात एक सवलत आहे. पशुधन पर्यवेक्षकाची पदविका किंवा तसे प्रमाणपत्र असणाऱ्यांना राज्य सरकार किरकोळ पशुवैद्यकीय सेवा देण्याची परवानगी देऊ शकते. पण ती नोंदणीकृत डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि त्यांच्या सांगण्यानुसार.

म्हणजे वाटा दोनच. एक तर नोंदवहीत नाव, नाहीतर नोंदवहीत नाव असलेल्याच्या हाताखाली काम. तिसरी वाट, चार सुया शिकून आणि पिशवी अडकवून गावात 'डॉक्टर' म्हणवून घेण्याची, ती कायद्यात नाही. मालक म्हणून आपणही एवढे करावे. उपचार करणाऱ्याला नोंदणी क्रमांक विचारावा. खरा डॉक्टर त्यावर रागावत नाही.

तीन आडसाली आणि एक सुरू

पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची आहे. साडेचार वर्षे शिक्षण आणि एक वर्ष प्रत्यक्ष कामाची उमेदवारी. उसाच्या भाषेत सांगायचे तर अठरा महिन्यांच्या तीन आडसाली लावणी आणि वर बारा महिन्यांची एक सुरू. एवढा काळ पाण्याची पाळी चुकवून चालणार नाही.

महाराष्ट्रात हे शिक्षण नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत चालते. विद्यापीठाची स्थापना २००० सालची, पण त्यातली कॉलेजे त्याआधीची. मुंबईचे परळचे कॉलेज १८८६ सालचे, नागपूरचे १९५८ चे, परभणीचे १९७२ चे. त्यानंतर उदगीर आणि साताऱ्याकडचे शिरवळ.

प्रवेशासाठी बारावीला पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात आणि मग नीट ही देशपातळीवरची परीक्षा. ही परीक्षा ७२० गुणांची. त्यात निम्मे गुण जीवशास्त्राचे, उरलेले पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्राचे. या परीक्षेला बसण्याची वयाची वरची मर्यादा २०२२ साली काढून टाकण्यात आली. पण परीक्षेला बसता येणे वेगळे आणि अभ्यासक्रमाला प्रवेश मिळणे वेगळे. प्रवेशाच्या अटी दर वर्षीच्या माहितीपुस्तिकेत छापलेल्या असतात. वयाचे कलम असलेले पान सर्वांत आधी वाचावे, क्लासची फी भरण्याआधी वाचावे आणि शंका असेल तर विद्यापीठाकडून लेखी उत्तर घ्यावे. ते पान आडवे आले तर पुढचा हिशेब मांडण्यात अर्थ नाही.

ज्यांनी बारावी कला किंवा वाणिज्य शाखेतून केली त्यांना आधी विज्ञानाचे विषय पास व्हावे लागतात. शेतकीची पदवी असली तरी सुरुवात पहिल्या वर्षापासूनच. हा अभ्यासक्रम पत्राने किंवा घरबसल्या होत नाही. रोज हजेरी लागते. पहिल्या वर्षी हाडे, स्नायू आणि मृत जनावरांचे विच्छेदन. मग शरीरक्रिया, औषधशास्त्र, जंतुशास्त्र, परजीवी, रोगनिदान. त्यापुढे शस्त्रक्रिया, प्रसूती आणि दवाखान्यातले काम. शेजारच्या बाकावरची मुले अठरा-एकोणीस वर्षांची असतात. त्यांची पाठांतराची ताकद जास्त, हे मान्य करून चालावे. पण शेतकऱ्याच्या पोराला, किंवा बापाला म्हणा, जो विषय पुस्तकात येतो तो गोठ्यात पाहिलेला असतो. गाय कशी धरायची आणि बैलाच्या कोणत्या बाजूने जायचे, हे त्याला शिकवावे लागत नाही.

अडतीस वर्षांच्या सभासदाचा हिशेब

धरून चला, आपला एक सभासद आहे. वय अडतीस, तीन एकर ऊस, चार दुभती जनावरे, बारावी विज्ञान झालेला. घरात म्हातारे आई-वडील, बायको, दोन शाळकरी मुले. त्याने आज ठरवले तर काय होईल?

विसरलेले विज्ञान घासून परीक्षेची तयारी करायला दीड-दोन वर्षे. म्हणजे प्रवेश मिळालाच तर चाळिशीला. साडेपाच वर्षांनी पदवी आणि उमेदवारी पुरी होईल तेव्हा वय साडेपंचेचाळीस. त्यानंतर नोंदणी.

आता नोकरीचे पाहू. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत सरळ भरतीने जाण्याची सर्वसाधारण वयोमर्यादा खुल्या वर्गाला अडतीस आणि मागासवर्गीयांना त्रेचाळीस आहे. म्हणजे पशुधन विकास अधिकारी होण्याचे दार त्याच्यासाठी पदवी हाती येण्याआधीच बंद झालेले असेल. ही गोष्ट सुरुवातीलाच माहीत असावी. पंचेचाळिशीत कळून उपयोग नाही. त्याच्यासाठी उरतो तो स्वतःचा व्यवसाय, नाहीतर दूध संघ, खाजगी डेअरी, पशुखाद्य आणि औषध कंपन्या यांची कामे. यातला स्वतःचा व्यवसाय हाच शेती सांभाळून करण्याजोगा.

व्यवसाय करायला पुढे पंधरा-वीस वर्षे मिळतील. काम अंगमेहनतीचे आहे. रात्री-अपरात्री अडलेली गाय सोडवायला खांद्यापर्यंत हात घालावा लागतो. लाथ बसते, शिंग लागते. सांसर्गिक गर्भपात, काळपुळी आणि रेबीज हे रोग जनावरांकडून माणसाला होतात आणि त्यांचा पहिला धोका डॉक्टरला. पंचविशीतला डॉक्टर जे अंगावर काढतो ते पन्नाशीत काढवत नाही. ज्याची कंबर आताच धरते त्याने याचा विचार करावा.

खर्चाचे म्हणाल तर कॉलेजची फी हा लहान भाग. मोठा भाग म्हणजे साडेपाच वर्षांची बुडालेली कमाई. लावण कोण करणार? खोडव्याला पाणी कोण देणार? तोड आली की मुकादमाशी कोण बोलणार? सोसायटीचे कर्ज कोणत्या पैशातून फिटणार? भाऊ खंबीर असेल, घरची लक्ष्मी शेती हाकणारी असेल, मागे काही शिल्लक असेल, तर गाडा चालेल. नाहीतर एकाच्या हौसेसाठी सगळे घर गहाण पडेल. आधी शिदोरी, मग जेजुरी.

हाच हिशेब अठ्ठाविशीतल्या, नोकरीला कंटाळलेल्या मुलाचा मांडला तर पदवी पस्तीस-छत्तिशीला हाती येते. सरकारी नोकरीचे दार तेव्हाही किलकिले असते आणि पुढे पंचवीस वर्षांचे काम असते. म्हणजे 'उशिरा' या शब्दाचा अर्थ प्रत्येकाच्या घरी वेगळा. अठ्ठाविशीतल्याने चालढकल करू नये आणि अडतिशीतल्याने उतावीळ होऊ नये.

डॉक्टर न होताही मोठे काम

ज्यांचा हिशेब बसत नाही त्यांनी हात चोळत बसायचे काय? मुळीच नाही. याचे उदाहरण आपल्याच मातीतले आहे.

मणिभाई देसाई हे गुजरातचे, विज्ञानाचे पदवीधर. १९४६ साली गांधीजींबरोबर उरुळीकांचनला आले आणि निसर्गोपचार आश्रम सांभाळायला तिथेच राहिले. ते पशुवैद्य नव्हते. पण आश्रमाच्या गीर गाईंची जोपासना करता करता गोवंश सुधारणेत शिरले. १९६७ साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी बाएफ ही संस्था उभी केली आणि शेतकऱ्याच्या दारात जाऊन कृत्रिम रेतन करण्याची पद्धत हजारो खेड्यांत नेली. त्या कामाला महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखान्यांनीही हातभार लावला. १९८२ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांनी स्वतः डॉक्टरकीचा आव आणला नाही. शिकलेले पशुवैद्य आणि तंत्रज्ञ जोडले आणि त्यांच्याकडून काम उभे केले.

तेवढी झेप सर्वांना जमणार नाही. पण लहान वाटा आहेत. पशुधन पर्यवेक्षकाची पदविका हा एक मार्ग. दुसरा कृत्रिम रेतनाचा. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय गोकुळ अभियानात 'मैत्री' नावाने ग्रामीण रेतन तंत्रज्ञ तयार केले जातात. ते प्रशिक्षण काही महिन्यांचे आहे. काम वरवर सोपे दिसते, पण त्यालाही शिस्त हवी. रेतमात्रा उणे १९६ अंशावर द्रव नत्रात ठेवलेल्या असतात. त्या कोमट पाण्यात ठरावीक वेळच वितळवायच्या. गाय दर एकवीस दिवसांनी माजावर येते. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. एक माज चुकला की एकवीस दिवस फुकट वैरण. ज्याच्या हाताने गावातल्या गाई वेळेवर गाभण राहतात, त्याने गावाचे दूध वाढवले असेच म्हणायचे.

बचत गटांतल्या भगिनींसाठी उमेद अभियानात पशुसखीचे काम आहे. शेळ्या-कोंबड्यांची निगा, जंतनाशक, लसीकरणाची आठवण, गोठ्याची स्वच्छता अशी प्राथमिक कामे त्या करतात आणि मोठे दुखणे दिसले की डॉक्टरांना कळवतात. कोणते दुखणे आपल्या हातचे नाही हे वेळेवर ओळखणे, ही या कामातली सर्वांत मोठी हुशारी आहे.

ठरवण्यापूर्वी एवढे करा

ज्याच्या मनात हा विचार पक्का आहे त्याने घाईने अर्ज भरण्याआधी सहा महिने स्वतःची परीक्षा घ्यावी. जवळच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना विनंती करून त्यांच्याबरोबर फिरावे. पिशवी धरावी, जनावर धरावे, सुई त्यांनीच मारावी. भर पावसात, मध्यरात्री, घाणीत उभे राहून आपल्याला अजूनही हेच काम करावेसे वाटते का, ते पाहावे. दोन-चार जनावरे डोळ्यांदेखत मरतील. मालकाला ते सांगायची वेळ येईल. ते मनाला झेपते का, तेही पाहावे.

दुसरे, बारावीचे जीवशास्त्राचे पुस्तक आणून रोज पहाटे दोन तास वाचावे. तीन महिने सलग वाचवले तर पुढचे बोलावे. तिसरे, घरातल्या सर्वांना एकत्र बसवून साडेपाच वर्षांचा जमाखर्च कागदावर मांडावा. नवऱ्याने बायकोला आणि बायकोने नवऱ्याला न विचारता घेतलेला निर्णय पहिल्याच उन्हाळ्यात मोडतो. चौथे, माहितीपुस्तिकेतले वयाचे पान. त्याबद्दल वर लिहिलेच आहे.

हे सगळे करून ज्याचे पाऊल मागे हटत नाही, त्याने खुशाल पुढे जावे. लोक हसतील. म्हणतील, पोराच्या वयाच्या पोरांबरोबर बाप कॉलेजात चालला. हसू द्यावे. दाराशी गाय अडली की हेच लोक हाका मारत येतील.

आणि जो हिशेब मांडून थांबला, त्यानेही ते कमीपणाचे मानू नये. आपल्या गोठ्यातली नोंदवही त्याने आजपासून सुरू करावी. कोणती गाय कधी माजावर आली, कधी भरवली, कोणती लस कधी टोचली, घटसर्प, फऱ्या आणि लाळ्या-खुरकुताची टोचणी पुन्हा कधी आहे, हे त्यात लिहावे. आजारी जनावरासाठी १९६२ या क्रमांकावर फोन करून सरकारी फिरत्या पथकाला बोलावता येते. तो क्रमांक गोठ्याच्या भिंतीवर चुन्याने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. डॉक्टर दारात आले की ती नोंदवही त्यांच्यापुढे धरावी. मुक्या जनावराला आपले दुखणे सांगता येत नाही. ते सांगणारा शहाणा मालक भेटला तर डॉक्टरांचे निम्मे काम तिथेच होते.